मानवाधिकारवाले साहेब

भंडाऱ्यात त्रिमूर्ती चौकात एक पांढरी गाडी उभी असते. नंबर प्लेटपेक्षा मोठी लाल पाटी: ‘मानवाधिकार’. खाली ‘जिल्हाध्यक्ष’. त्याच्याही खाली, डोळे बारीक केले तर, कसल्याशा संघटनेचं नाव. गाडी नो-पार्किंगमध्ये. वाहतूक शिपाई पाटी वाचतो आणि शेजारच्या दुचाकीवाल्याची पावती फाडतो. हक्काचं रक्षण झालं, निदान एका मानवाच्या.

असे जिल्हाध्यक्ष आता गल्लोगल्ली निघालेत. तालुकाध्यक्ष वेगळे, महिला आघाडी वेगळी, युवा आघाडी त्याहून वेगळी. गळ्यात ओळखपत्र, त्यावर लांबून अशोकस्तंभ वाटावा असं काहीतरी, आणि सदस्यता शुल्क रोख. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने राज्यांना पत्रं लिहून झाली की बाबांनो, या नावसाधर्म्याच्या दुकानांशी आमचा काही संबंध नाही. पण चौकातला शिपाई पत्र वाचत नाही, पाटी वाचतो.

मग खरा आयोग कुठे आहे? आहे. महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग 6 मार्च 2001 पासून आहे आणि मुंबईत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या अगदी समोर आहे. भंडारेकरांवर रेल्वेची कृपाच म्हणायची. वरठीला दुपारी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी शेवटच्या स्टेशनावर उतरायचं, रस्ता ओलांडला की हक्क. परतीचं तिकीट तेवढं आधी काढून ठेवा.

खोटं कशाला बोला, आयोगाची सोय चांगली आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहून पोस्टात टाकली तरी चालते. ठाण्यात मार खाल्लेल्या माणसाला एवढा आधार पुष्कळ वाटतो. घोळ पुढे आहे. चौकशीअंती आयोग सरकारला शिफारस करतो, भरपाई द्या, कारवाई करा. शिफारस, हुकूम नव्हे. आणि शिफारस करायला माणूस तरी हवा. तिथल्या रिकाम्या पदांचा प्रश्न 2021 साली जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला होता.

शिवाय मुदत. घटना घडून वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, असं त्याच्याच कायद्याचं कलम 36 सांगतं. हे कलम पवनी तालुक्यातल्या धरणग्रस्ताला एकदा समजावून सांगा. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 रोजी केली. मानवी हक्क संरक्षण कायदा आला 1993 साली. म्हणजे धरणाचा दगड आधी, हक्क नंतर, आणि पुनर्वसनाचं मोठं पॅकेज 2013 साली. मधल्या काळात पाणी हळूहळू चढत गेलं. यातलं ‘घटना घडली’ ते नेमकं कोणत्या तारखेला, हे त्याने कुठल्या रकान्यात भरायचं?

तिकडे न्यूयॉर्क शहराला मात्र स्वतःचा मानवी हक्क आयोग आहे. शहराला, बरं का, राज्याला नव्हे. 1943 मध्ये हार्लेममध्ये दंगल झाली, दुसऱ्या वर्षी महापौर ला गार्डिया यांनी एक समिती नेमली, तिचाच हा वंशज. घरमालकाने वंश किंवा धर्म बघून खोली नाकारली, तर भाडेकरू तिथे जातो. मुद्दाम केलं असं सिद्ध झालं तर दंड अडीच लाख डॉलरपर्यंत.

आता आपल्याकडे खोली शोधू. फाटकावर ‘खोली भाड्याने देणे आहे’. मालक ओसरीवर, पान चघळत.

“नोकरी कुठं जी?”

“तहसीलमध्ये.”

“वा! आन् आडनाव का जी तुमचं?”

आडनाव सांगितलं. पान जरा थांबलं.

“खोली तं कालच देल्ली जी. पाटी काढाची राहून गेली.”

ती पाटी पुढच्या महिन्यातही राहून गेलेली असते. आयोगाकडे जाऊन उपयोग नाही, कारण 1993 च्या कायद्याला घरमालक दिसतच नाही. त्याला दिसतो तो लोकसेवक. त्याच कायद्याचं कलम 30 जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमायची सोय करतं. तिथे नेमके कोणते गुन्हे चालवायचे, हे लिहायचं मात्र राहून गेलं. पाटीसारखंच.

बरं, लोकसेवकाचंच बघू. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली. चौकशी, निलंबन, पाच लाख रुपये. क्रम सरकारला पाठ आहे.

आणि मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. सुरेखा आणि प्रियंका भोतमांगे या मायलेकींनी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्ष दिली होती. 29 सप्टेंबर 2006 रोजी आरोपींना जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी त्या दोघींचा आणि सुरेखा यांच्या रोशन व सुधीर या दोन्ही मुलांचाही खून झाला. साक्षीदाराला सांभाळणं हे घरमालकाचं काम नव्हे, लोकसेवकाचंच. आयोग तेव्हा पाच वर्षांचा होता. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं, पण ॲट्रॉसिटी कायदा लागू केला नाही. सुरेखा यांचे पती भैयालाल भोतमांगे निकालामागून निकाल बघत 2017 च्या जानेवारीत गेले.

दरम्यान सरकारने खैरलांजीला तंटामुक्त गावाचा पुरस्कार देऊन टाकला होता. त्यासाठी कुणालाही वरठीहून गाडी पकडावी लागली नाही.