साइड स्टँडची मीमांसा

मोटारसायकलविषयक विवेचन साधारणतः इंजिनापासून सुरू होते आणि वेगापाशी संपते. परंतु धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात हे वाहन प्रत्यक्षात कसे वापरले जाते याचा विचार करू लागल्यास आरंभ साइड स्टँडपासून, म्हणजे गाडी डावीकडे कलती उभी करण्यासाठी तिच्या पोटाखाली बसवलेल्या लोखंडी दांड्यापासून, करणे अधिक सयुक्तिक ठरते. इंजिनामुळे गाडी पळते हे सर्वमान्य आहे. मात्र प्रवासाचा आनंद हाती लागतो त्या वेळी इंजिन बहुधा बंद असते, ही बाब कोणत्याही माहितीपत्रकात आढळत नाही.

तालुक्यातून दोन प्रकारचे स्वार जातात. पहिला मुंबई-आग्रा महामार्गावरचा. गुडघ्यांना ढाली, अंगात जाड जाकीट आणि हेल्मेटवर कॅमेरा अशा सरंजामात इंदूरकडे निघालेला हा स्वार जीवन हा एक प्रवास असल्याचे अनुभवण्यासाठीच घराबाहेर पडलेला असतो, आणि त्या अनुभवाची त्याला इतकी घाई असते की मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत खंबातच्या आखाताला मिळणारी तापी तो पुलावरून मिनिटभरात उरकतो, शिरपूर फाटा आरशात दिसतो न दिसतो तोच पळासनेर मागे टाकतो आणि बिजासनचा घाट चढून मध्य प्रदेशातील सेंधव्याला पोहोचतो. अंतर, वेळ आणि सरासरी यांचा चोख हिशेब त्याच्यापाशी असतो. त्या हिशेबात शिरपूरच्या वाट्याला काही मिनिटे आलेली असतात.

दुसरा स्वार स्थानिक. डोक्या-कानांभोवती रुमाल गुंडाळलेला, ठिबकच्या नळीचा एखादा जोड आणण्यासाठी थाळनेरहून शिरपूरला निघालेला. १३७० मध्ये फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला जहागिरीत दिलेल्या आणि पुढे फारुकी घराण्याची पहिली राजधानी झालेल्या या गावातून बाहेर पडताना तेथील सुलतानांच्या कबरी त्याच्या दृष्टीस पडतात किंवा पडत नाहीत, कारण तेवढ्यात समोरून येणारा दुसरा स्वार अहिराणीत विचारतो, “कथा चालना भो?” आणि त्याला “आठेच” असे उत्तर द्यावे लागते. ‘इथेच’ असा अर्थ असलेल्या या उत्तराच्या कक्षेत शेजारच्या शेतापासून सेंधव्यापर्यंतचा सर्व भूभाग येतो. उत्तर चालत्या गाडीवरून देणे हा उद्धटपणा मानला जात असल्याने दोन्ही गाड्या थांबतात, पेट्रोलच्या भावाचे स्मरण होऊन इंजिने बंद होतात, स्टँड उतरतात, कापसाचा भाव, केळीच्या घडांची प्रतवारी, विहिरीचे पाणी आणि एका सोयरिकीची प्रगती हे विषय त्याच क्रमाने निघतात, आणि तिसरी गाडी येऊन थांबल्यास पुन्हा कापसापासून सुरुवात होते.

या थांबण्याकडे वेळेचा अपव्यय म्हणून पाहणाऱ्यांनी तालुक्याची ख्याती कशासाठी आहे हे ध्यानात घ्यावे. ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने ओळखली जाणारी आणि भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या नावाशी जोडली गेलेली जलसंधारणाची पद्धत म्हणजे नाले रुंद आणि खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे ओळीने बांधणे व तापीकडे धावत सुटलेले पाणी अडवून जमिनीत जिरवणे. पाण्याला जे हिताचे ठरले ते माणसाला अपायकारक असावे, असे मानण्यास कोणताही भूवैज्ञानिक आधार दिसत नाही. उलट पॅटर्नमधील बंधाऱ्यांइतक्याच नियमितपणे रस्त्यावर चहाच्या टपऱ्या आढळतात, हे पुरेसे बोलके आहे.

थांबण्यास शरीरशास्त्राचेही पाठबळ आहे. मे महिन्यात खानदेशात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि माणसाच्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्वचेहून थंड असते तोवर वारा अंगातील उष्णता घेऊन जातो. ती त्वचेहून तापली की तोच वारा उष्णता आणून देऊ लागतो, आणि गार वाटावे म्हणून वेग वाढवणारा स्वार वास्तविक अधिक वेगाने भाजला जातो. घामाचे बाष्पीभवन काही काळ बचाव करते, पण त्याचे पाणी स्वाराच्याच अंगातून खर्च होत असल्याने चरकाचे घुंगरू वाजवणाऱ्या रसवंतीपाशी उतरणे हा आळस नव्हे, परतफेड होय. स्थानिकांचा रुमाल त्या झळांपासून कान वाचवतो हे खरे. तो डोकेही वाचवतो ही मात्र केवळ श्रद्धा आहे, आणि हँडलला टांगलेले हेल्मेट फक्त हँडलचे रक्षण करते, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

रॉबर्ट पर्सिग या अमेरिकन लेखकाने १९६८ मध्ये मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत केलेल्या प्रवासावर १९७४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यात महामार्गापेक्षा दुय्यम रस्ते पसंत केले. शिरपूरचा स्वारही दुय्यम रस्तेच निवडतो; फरक एवढाच की पर्सिगला त्यासाठी तत्त्वज्ञान लागले, याला तेथे राहणारी मावशी पुरते.

तथापि या विचारसरणीची खरी परीक्षा पेट्रोल संपल्यावर होते. जुन्या गाड्यांना टाकीखाली पेट्रोल कॉक, म्हणजे इंधनाची छोटी तोटी, असे, आणि ती ‘रिझर्व्ह’वर फिरवली की टाकीच्या तळाचा राखीव साठा मिळे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली, गाड्यांत इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि ही तोटी बहुतेक नव्या गाड्यांतून नाहीशी झाली. तालुक्यात अद्याप जुन्या गाड्या विपुल आहेत, आणि त्यांचे मालक तोटी कायम रिझर्व्हवरच ठेवत असल्याने राखीव साठ्याची कल्पना केवळ सैद्धांतिक उरते. गाडी बंद पडली की ती रस्त्याकडेला आडवी केली जाते, जेणेकरून टाकीच्या एका अंगाला अडकलेले थेंब तोटीच्या अंगाला यावेत. त्यावरही भागले नाही, तर मागून येणारा परिचित किंवा अपरिचित स्वार आपला पाय बंद गाडीच्या फूटरेस्टला लावून ती ढकलत नेतो. अशा वेळी एका इंजिनावर दोन गाड्या, बोलणे ऐकू येईल इतक्याच गतीने, शेजारी शेजारी चालतात, आणि पंप आला तरी सोयरिकीचा विषय मध्यावर असल्यास पुढच्या पंपावरचे पेट्रोल अधिक चांगले असते, यावर दोघांचे एकमत होते.