तीनचाकीचे मौनव्रत

मालवण बंदरावरून बर्फाच्या लाद्या आणि मासळीचे क्रेट वाहणाऱ्या एका जुन्या डिझेल तीनचाकीने, आजन्म चालविलेल्या गर्जनेचा अकस्मात त्याग करून मौनव्रत धारण केले, आणि त्या व्रताचे साधन म्हणून तिच्या पोटाखाली तारेने आडवा बांधलेला ट्रॅक्टरचा सायलेन्सर भरड नाक्यावर लोकांच्या दृष्टीस पडला. ज्या तालुक्यातील भाताच्या कुणग्यांत ट्रॅक्टर नुसता वळवायचा म्हटला तरी चाक शेजाऱ्याच्या मेरेवर जाऊन दिवाणी दावा उभा राहावयाचा, त्या तालुक्यात हे अवजड पात्र घाट उतरून आले तरी कसे, याचा चहाच्या टपरीवर बराच खल झाला.

वस्तुतः कारण साधे होते. खाऱ्या वाऱ्यापुढे आमच्या किनाऱ्यावर कोणत्याही पत्र्याची मात्रा चालत नाही. शिवाय नव्या गाड्यांच्या सायलेन्सरात प्लॅटिनम-पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू येऊन बसल्यामुळे, तो बदलावयाचा म्हणजे गॅरेजात जावे की सराफाकडे, हा प्रश्न पडतो. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरास असले ऐश्वर्य नाही: पत्र्याचा एक पिंप आणि आत भोके पाडलेली नळी, एवढाच त्याचा संसार. म्हणून मेकॅनिक म्हणाला, “कंपनीचो कित्याक व्हयो? ट्रॅक्टराचो लाव, सात जल्म जाणा नाय.” यांपैकी निदान सहा जन्म वजा करावेत, कारण सुमारे ४०० घनसेंटीमीटरच्या इंजिनाच्या धुराने एवढे मोठे पिंप पुरते तापत नाही, धुरातील वाफेचे पाणी आतच साचते, आणि गंज बाहेरून येण्याची वाट न पाहता आतूनच कामाला लागतो. परंतु त्या ऐसपैस पोकळीत धूर फैलावून त्याचा जोर ओसरतो आणि आवाज मरतो, हे मात्र निर्विवाद.

आणि इथेच घोटाळा झाला. एका अंमलदाराने गाडी अडवून पंचनाम्याच्या सुरात विचारणा केली, तेव्हा मालक हात जोडून म्हणाला, “सायबांनू, आवाज कमी केलंय, ह्योच माझो गुन्हो काय?”

होय, हाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, ध्वनीची मर्यादा ओलांडणाऱ्या चालकास प्रथम गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु गाडीत परवानगीवाचून फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत. दंडाचा हिशेब उलटा, गोंगाटास दहा हजारांपर्यंत आणि फेरफारास पाच हजार, हे खरे. तथापि कैदेच्या मापाने मोजता, शांतता ही गोंगाटाच्या दुप्पट भयंकर ठरते. वास्तविक १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमावलीतील १२० वा नियम, शेतीच्या ट्रॅक्टरासह प्रत्येक वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असावा, असे फर्मावतो. आमच्या मेकॅनिकाने त्यातील ‘ट्रॅक्टरासह’ हा शब्द तेवढा जरा जास्त मनावर घेतला.

पंचनामा चालू असतानाच, सायलेन्सराची आतली जाळी काढून टाकलेल्या दोन बुलेट फटाके फोडीत तारकर्लीकडे गेल्या. त्यांचा नंबर टिपण्यास अंमलदारास सवड नव्हती, कारण तो पिंपाची लांबी मोजत होता. शहरांतून असल्या नळकांड्या जप्त करून त्यांवरून रोडरोलर फिरविण्याचा समारंभ होतो; आमच्याकडे तो झाला, तर पहिला मान बहुधा ट्रॅक्टरच्या पिंपास मिळेल, कारण तेच तेवढे हाती लागले आहे. हायरम मॅक्सिमने यंत्रबंदूक काढून स्वतःचेही कान गमावले, आणि त्याच्या पुत्राने १९०९ साली बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या नळीचे पेटंट मिळविले. त्या पितापुत्रांपैकी आमच्या नाक्यावर कोणास अडविले असते, हे सांगावयास नको.

सबब सरकारदरबारी नम्र अर्ज असा की, मजकूर पिंप मालकास परत देववावे, अथवा अधिकृत सायलेन्सर त्याच भावात मिळण्याची तजवीज व्हावी. निकाल ३१ जुलैपूर्वी लागल्यास बरे. १ ऑगस्टला मासेमारीवरील बंदी उठते आणि पहाटे चारपासून बर्फ वाहावा लागतो.