फुकटचे पारखी

हस्तकलेचं प्रदर्शन लातूरच्या टाऊन हॉल मैदानावर असो की नांदेडला, मांडवाचे बांबू उतरायला लागले की अण्णांना सुगावा लागतोच. अण्णा म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हेत. गावोगावी एकेक असतो. निवृत्त, ताठ कण्याचा, खांद्याला कापडी पिशवी. ही पिशवी जाताना रिकामी असते आणि येताना माहितीपत्रकांनी भरलेली.

अण्णांची पहिली तपासणी उलट्या बाजूने होते. घोंगडी असो की गोधडी, नुसती सरळ बाजू बघून वस्तू घेणं म्हणजे फोटो बघून सोयरीक करणं, असं त्यांचं मत. घोंगडी ते नाकाशी नेतात. "खळ कशाची?"

"चिंचोक्याची, अण्णा."

"मग बरोबर." मग ते घोंगडी गालाला घासून बघतात आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला बजावतात, "दख्खनी मेंढीची लोकर बोचणारच. बोचली नाही तर घेऊ नका." घोंगडीवाला मान डोलावतो. घोंगडी बोचते, आणि तरीही अण्णा ती घेत नाहीत.

उदगीरच्या पलीकडेच बीदर असल्यामुळे बिदरी कामावर आपला निम्मा हक्क आहे, असं अण्णा समजतात. जस्तात थोडं तांबं, कोरलेल्या नक्षीत ठोकून बसवलेली चांदीची तार आणि शेवटी काळा रंग चढवायला बीदरच्या किल्ल्यातली माती, हे सगळं ते कारागिराच्या आधी सांगून टाकतात. जुने कारागीर ती माती जिभेवर ठेवून पारखतात, हे सांगताना तर त्यांना इतका चेव येतो की फुलदाणीला जीभ लावायचीच काय ती बाकी राहते. मग किंमत ऐकतात आणि फुलदाणी दोन्ही हातांनी, देव्हाऱ्यात ठेवावी तशी, परत ठेवतात. "कलेचं मोल करता येत नाही हो," असं म्हणतात, आणि म्हणून ते करतही नाहीत.

दोन वस्तू एकसारख्या दिसल्या की अण्णांना मशीनचा संशय येतो. वेगळ्या दिसल्या की विचारतात, "माप नाही का काही तुमच्याकडं?"

हेच अण्णा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत गेले की वेगळे असतात. तिथे घोडे, उंट, गाढवं यांच्या बाजारात दोर, म्होरक्या, घुंगुरमाळा, रंगीत गोंडे यांची रास पडलेली असते. तीही हाताचीच कामं, पण तिथे त्यांना हस्तकला म्हणायची पद्धत नाही. अण्णा दोराला दोन झटके देतात, पैसे टाकतात, चालू लागतात. पुढे तोच गोंडा प्रदर्शनात ट्यूबलाइटखाली टांगलेला दिसला, आणि बैलाच्या शिंगाऐवजी दिवाणखान्यासाठी विकायला आला, की अण्णा पाच मिनिटं त्याच्या परंपरेवर बोलतात. गोंडा तोच, बैलासाठी घेताना अण्णा भाषण करत नाहीत, एवढाच फरक.

एका टेबलापुढे मात्र अण्णांची जीभ आवरते. उदगीरच्या खादी केंद्रात विणलेल्या कापडापासून नांदेडला राष्ट्रध्वज शिवले जातात. ते टेबल दिसलं की अण्णा आधी चपला सरळ करतात. रुंदी-उंचीचं प्रमाण तीनास दोन, नऊ ठरलेली मापं, त्यातलं सगळ्यात मोठं एकवीस फूट बाय चौदा, चोवीस आऱ्यांचं चक्र दोन्ही बाजूंना नेमकं एकावर एक. देशाच्या मानकांच्या यादीतलं पहिलंच मानक, १९५१ सालचं, ते झेंड्याचं, हे ते हळू आवाजात सांगतात. २०२१च्या अखेरीस पॉलिस्टरच्या आणि मशीनवरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली, तेव्हा अण्णा आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नव्हते. इथे ते उलटी बाजू बघतात, चक्र जुळलंय याची खात्री करतात आणि सांगितलेले पैसे देतात. प्रदर्शनात त्यांची विनातक्रार खरेदी ती एवढीच.

आता कुणाला वाटेल, अशा माणसाला स्टॉलवाल्या बायका हाकलून देत असतील. पण किनवटकडच्या तांड्यावरून आलेल्या एका बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली असते. बाईंपुढे आरसे आणि कवड्या टाकलेल्या पिशव्या, शेजारी एक जुनी काचळी, म्हणजे चोळी, ती विकायची नसते. अण्णा आले की त्या एवढंच म्हणतात, "अण्णा, या वैनींना जरा उलटी बाजू दाखवा की."

झालं! अण्णा पिशवी उलटी करतात. आरशाभोवतीचा टाका बोटाने मोजत दाखवतात, आरसा चिकटवलेला नसून दोऱ्याने कसा आवळलाय ते नखाने उचकून सिद्ध करतात, संध्याकाळी उजेड गेला की हात थांबवावा लागतो हेही सांगतात. वैनी एक पिशवी घेतात, मग नणंदेसाठी दुसरी. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरीही पुढे सरकतात. घासाघीस करायची कुणाची छाती होत नाही, कारण समोर अण्णा बसलेले. अण्णांना या सगळ्याचा पत्ता नसतो; आपण समाजप्रबोधन करतोय, अशी त्यांची समजूत.

संध्याकाळी खाण्याच्या स्टॉलवरून त्यांना गरम धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी येते, फुकट. ते खाऊन तिळाबद्दल दोन सूचना करून अण्णा निघतात, माहितीपत्रकांनी भरलेली पिशवी सावरत. त्यांची पाठ वळते न वळते तोच घोंगडीवाला पिशव्यांच्या स्टॉलवर भांडायला येतो, "काय लावलंय हे, मावशी? दोन दिवस झाले अण्णा तुमच्याकडंच. उद्या माझ्याकडं बसवा, माझ्या घोंगड्या पडूनच आहेत."