लाठी हातात नसताना

हे मार्गदर्शन लाठी येत असून आणखी एखादी युद्धकला शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दोन्ही हातांनी फिरवता आली आणि शेजारच्याचा चष्मा शाबूत राहिला, म्हणजे लाठी येते असं आम्ही आमच्या गावात, बपेऱ्यात मानतो. बैलामागची तुतारी किंवा धुऱ्याच्या भांडणात बंडीची उपसलेली उभारी, हा अनुभव मनातल्या मनात जमेस धरावा. वर्गाच्या अर्जात लिहू नये.

एक कला येत असताना दुसरी कशाला, असं घरचे विचारतील. त्यांना कलम 37 वाचून दाखवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 मधल्या या कलमाखाली सण, निवडणूक, आंदोलन असं काही आलं की शस्त्रबंदी लागते, आणि त्या यादीत तलवारी-भाल्यांच्या पंगतीला काठी-लाठीही बसलेली असते. म्हणजे ऐन गर्दीच्या दिवशी आपली विद्या घरात कोपऱ्याला टेकून उभी. गावाजवळचा बावनथडी नदीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश लागतो आणि महाराष्ट्राचा आदेश मागे राहतो, हे खरं. पण जीव वाचवायला दर वेळी बालाघाट जिल्ह्यात पळणं, हे काही युद्धशास्त्र नव्हे.

शस्त्र आधी आणि रिकामे हात नंतर, हा क्रम उलटा वाटून लाजू नका. केरळच्या कळरीपयट्टूत तसंच आहे: आधी शरीर घडवायचं, मग लाकडी हत्यारं, मग लोखंडी, आणि नुसत्या हातांची लढत सगळ्यात शेवटी. आपण नकळत शास्त्रोक्त निघालो.

लाठीचं खरं दुखणं मात्र कायद्यात नाही. समोरचा चार हात लांब आहे तोवर आपण वस्ताद. त्याने वार चुकवून आत उडी घेतली आणि कमरेला मिठी मारली, की तीच लाठी दोघांच्या मध्ये आडवी अडकते. आपले दोन्ही हात तिलाच धरून बसतात, कारण ती सोडायची कधी हे कुणी शिकवलेलंच नसतं. तेव्हा कुठल्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी एकच विचारावं: मिठी पडल्यावर काय करायचं?

दांडपट्टेवाला म्हणेल, मिठी पडूच द्यायची नाही. दांडपट्टा 2024 मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला, त्याला मनापासून नमस्कार. पण एक हत्यार घरी ठेवावं लागतं म्हणून दुसरं शिकणं म्हणजे छत्री विसरली म्हणून रेनकोटही विसरणं.

कराटे ओकिनावा बेटांवरून आलं. पोशाख पांढरा. आमच्याकडची माती ज्यांनी धुऊन पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तायक्वांदो 2000 पासून अधिकृत ऑलिम्पिक खेळ आहे आणि लाथा देखण्या, पण आषाढातल्या धानाच्या बांधीत एका पायावर उभं राहणं बगळ्याचं काम.

मल्लखांबाचा विचार गंभीरपणे करावा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला नवं जीवन दिलं. आपल्या विदर्भात 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवले होते. खांब मिठी मारत नाही, आपणच त्याला मारतो, हा दोष आहे. पण रानडुक्कर अंगावर आलं तर जगातली कुठलीही युद्धकला चालत नाही, झाड चालतं. आणि झाडावर झटकन चढायची अशी तालीम दुसरीकडे नाही. मोहफुलांच्या दिवसांत समोर अस्वल असेल तर हाही उपाय बाद. तेही झाडावर चढतं, शिवाय शिकवणी न लावता.

उरले ज्यूदो आणि कुस्ती. ज्यूदोची शाळा जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत काढली. त्यांची मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे नवख्याला आधी पाडायला नाही, पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, हात जमिनीवर सपाट आपटायचा, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. लाठीच्या आखाड्यात पडणं म्हणजे बेअब्रू, त्यामुळे पडायचं कसं हे कुणालाच येत नाही आणि पडतात मात्र सगळेच. एवढा धडा ज्यूदोकडून उसना घ्यावा. बाकीच्यासाठी गादी लागते. ती आणा, पसरा, उंदरांपासून सांभाळा.

म्हणून माझा कौल कुस्तीला. कुस्तीत मिठी हा अपघात नाही, तिथूनच कामाला सुरुवात. लाठीने कमावलेले खांदे आणि मनगटाची पकड तिथे कामी येते. पवित्रा मात्र बदलावा लागतो. लाठीवाला ताठ उभा राहतो, आणि ताठ उभ्या माणसाचा पट काढण्याइतकं सोपं काही नाही. पहिला महिनाभर तुमचा पट रोज निघेल, बहुधा तुमच्या निम्म्या वयाच्या पोराकडून. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं ते गादीवर, पण सुरुवात मातीतलीच होती, असं स्वतःला सांगत राहावं.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लोळाचंच आहे तर बांधीत लोळ, संग रोवणाही होऊन जाईल." याला युद्धकलेत उत्तर नाही. रोवणा करून द्यावा.

आखाडा शोधायला दिवाळीनंतर निघा. धान कापलेलं असतं, मंडईच्या जत्रेनिमित्त चार गावची माणसं भेटतात, चौकशी होते. लाठी घरी ठेवा. लंगोट दोन घ्या, एक वाळत असतो.