शुभेच्छुकांच्या रांगेत उमेदवार

कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या काटोलच्या पोट्ट्याला हल्ली जो भेटतो तो एकच सल्ला देतो: नेटवर्क वाढव. ज्या गावात एस.टी. स्टँडवर चहा संपायच्या आत बारावीचे टक्के, बापाचं कर्ज आणि लग्नाचं काय, या तिन्ही चौकश्या होतात, तिथल्या पोराला अजून किती ओळखी हव्यात?

पोट्टा तरी सल्ला मानतो. 2003 साली सुरू झालेल्या आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने सव्वीस अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतलेल्या लिंक्डइनवर तो खातं उघडतो. घरी ‘रिकामा’ असलेला पोरगा तिथे ‘भावी उद्योगनेता’ होतो. मग वर्गातले सगळे जोडून घेतो. म्हणजे रोज संध्याकाळी ज्यांच्यासोबत टपरीवर बसतो तेच. एक जण ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र टाकतो, बाकीचे रिकामे त्याचं अभिनंदन करतात. उद्या दुसऱ्याची पाळी.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्येच लिहून ठेवलं, की नोकरीची बातमी जिगरी दोस्ताकडून कमी आणि क्वचित भेटणाऱ्याकडून जास्त येते. कारण उघड आहे. दोस्ताला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, आणि दोघांनाही काही माहीत नसतं. पुढे लिंक्डइनच्याच सुमारे दोन कोटी लोकांवर प्रयोग झाले. 2022 मध्ये आलेला त्यांचा निष्कर्षही याच अंगाने जाणारा होता. आता गावातच बघा: आंबिया बहाराचा संत्र्याचा बगीचा झाडावरच बोली लावून घेणारा परमुलखातला व्यापारी चार बाजारपेठा ओळखतो. पण त्याला ‘तुमच्याकडे हिशेबाला माणूस लागतो का’ हे विचारायला बी.कॉम.वाल्याला लाज वाटते.

त्यात मामा पडतात. “काऊन बे, फारमच भरत बसतं काय? चाल, साहेबाले भेटून येऊ!” शाल, नारळ, दोन तास ताटकळणं. साहेब म्हणतात, “बायोडाटा ठेवून जा.” पीए तो चळतीवर ठेवतो. त्या चळतीत गावातल्या तीन पिढ्या नांदत असाव्यात. बाहेर पडताना फोटो मात्र निघतो आणि साहेबांच्या वाढदिवसाला चौकातल्या फ्लेक्सवर, खालून दुसऱ्या ओळीत, ‘शुभेच्छुक’ म्हणून पोट्ट्याचा चेहरा लागतो. छपाईची वर्गणी बाप भरतो. खरं सांगायचं तर लिंक्डइनपेक्षा हे प्रोफाइल मोठं. गुरंसुद्धा पाहून जातात.

दरम्यान हिंजवडीत नोकरीला असलेला, चार वर्षांपूर्वीचा सिनिअर लिहितो, “आमच्याकडे जागा निघाल्या आहेत. रेफरल हवं असेल तर मेसेज करा.” बऱ्याच कंपन्या अशी शिफारस करणाऱ्यालाच बक्षीस देतात, त्यामुळे तो उपकारही करत नाही, गरजेपोटी विचारतोय. पोस्ट पोट्ट्याला दिसते. तो खाली ‘ग्रेट भाऊ’ लिहितो, एक आगीची खूण टाकतो आणि फ्लेक्स बांधायला सुतळी घेऊन निघतो.