वेळेआधीचं विमान

दिल्ली ते मुंबई हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी आठशेच्या वर. चढणं-उतरणं धरूनही पावणेदोन तासांत काम व्हावं. वेळापत्रक सांगतं सव्वादोन. मधला अर्धा तास कुणी खाल्ला, हे विचारायला तोंड उघडावं तर घोषणा होते, ‘आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी उतरलो आहोत!’ आणि अख्खं विमान असं खुलतं, जणू वैमानिकानं पदरचं डिझेल घालून पोचवलंय.

दिल्ली होती तिथेच आहे. मुंबईही, पाणी तुंबलं तरी, हललेली नाही. वाढलाय तो कंपन्यांचा धोरणीपणा. या धंद्यात पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर मुळी उशीर धरतच नाहीत. त्यावर वेळापत्रकातच आधी ऐसपैस वेळ कोंबून ठेवला, की वक्तशीरपणात नंबर पक्का. रेल्वेनं ही विद्या केव्हाच आत्मसात केली आहे. दादर ते सीएसएमटी हे नऊ किलोमीटर कापायला लांब पल्ल्याच्या गाडीला किती मिनिटं दिलेली असतात, ते एकदा बघाच.

तो अर्धा तास अगदीच खोटा असतो असंही नाही. आकाश वरून मोकळं दिसतं एवढंच; नागरी विमानांना त्यातलं साठ टक्केच मुक्तपणे वापरता येतं, असं २०२० मध्ये खुद्द अर्थमंत्र्यांनी सांगितलं होतं. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या, म्हणून एका वेळी वापरात एकच. तिच्यावर तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढणार-उतरणार. बाकीच्यांनी वर लांबट घिरट्या घालायच्या. खिडकीतले काका शेजारणीला विचारतात, “हे धरण मघाशी गेलं ना हो?” तेच धरण असतं. तिसऱ्यांदाही तेच असतं.

वेळ आधीच फुगवून सांगायची ही युक्ती सरकारनं उचलली नाही, याचं खरोखर वाईट वाटतं. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, पुढच्याच वर्षी विमान उडवू म्हणून सांगितलं, आणि प्रवासी विमान उडालं २५ डिसेंबर २०२५ ला. सगळ्यांनी नावं ठेवली. पहिल्याच दिवशी फलकावर २०३० लिहिलं असतं, तर तोच विमानतळ पाच वर्षं आधी झाला असता, सत्कार वेगळे.

असो. तर विमान दहा मिनिटं आधी टेकलं. पट्टे सुटले, बॅगा डोक्यावर आल्या, माणसं वाकड्या मानेनं उभी राहिली. पुन्हा घोषणा झाली: आपण वेळेआधी आल्यामुळे विमान उभं करायची जागा अजून रिकामी झालेली नाही, कृपया आसनावर बसून घ्या.