डग्गा आणि वकीलपत्र

हाड मोडलं की भेटायला येणारा प्रत्येक माणूस डॉक्टर असतो. प्लास्टर निघालं की तीच माणसं वकील होतात. एका टेम्पोने मला स्कूटरसकट आडवं केलं आणि माझं डावं मनगट गेलं; भरपाईचा दावा कोर्टात आहे. मनगट बसवायचं कसं यावर पूर्वी ज्यांच्यात एकमत नव्हतं, त्या सर्वांचं आता एका गोष्टीवर एकमत आहे : वकील बदला.

सगळ्यात जोर मेव्हण्याचा. तो दर दिवाळीला मोबाइलची कंपनी बदलतो. वकील म्हणजे त्याला सिमकार्डच वाटतं : दाव्याचा नंबर तोच ठेवायचा आणि कंपनी तेवढी बदलायची.

तक्रारीला जागा नव्हती असं नाही. आमचे वकीलसाहेब फोन उचलत नाहीत. उचललाच, तर "तारीख पडली" एवढंच सांगतात. कोणती, ते कारकुनाला विचारायचं. कारकून म्हणतो, "उशीर झाला म्हणून काय झालं, दाव्याच्या तारखेपासून व्याज मिळतं." जणू आम्ही कोर्टात मुदत ठेवच ठेवली आहे. आणि मनाला लागलेली गोष्ट म्हणजे साहेब दर भेटीत आपुलकीने विचारतात, "मास्तर, पाय कसा आहे?"

मी तबला शिकवतो आणि वाजवतो. माझे पाय उत्तम आहेत.

शेवटी मेव्हणा मला दुसऱ्या वकिलांकडे घेऊन गेला. काचेचं ऑफिस, थंडगार हवा, भिंतभर एकाच रंगाची पुस्तकं. त्यांनी आधी आमच्या वकिलांचं नाव विचारलं. सांगितल्यावर "वा! फार भला माणूस," असं इतक्या हळहळीने म्हणाले, की ते आजारी आहेत की काय अशी मला शंका आली. मग कॅल्क्युलेटर काढला. सरकारी दवाखान्याचा दाखला : कायम अपंगत्व १२ टक्के. अपघाताच्या वेळी माझं वय ४२, म्हणून कमाईचा गुणक १४. हा गुणकांचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्माच्या निकालात घालून दिला, ही माहिती त्यांनीच दिली. त्यातली मला आवडलेली बाब म्हणजे वय अपघाताच्या दिवशीचं धरतात. घरी, आरशात आणि जिन्यावर मी म्हातारा होत असलो, तरी कोर्टात अजून ४२चाच आहे.

उत्पन्नापाशी गाडी अडली. "सॅलरी स्लिप?" त्यांनी विचारलं. मैफलीला आम्हाला नारळ, शाल आणि पाकीट मिळतं. नारळाची चटणी होते, पाकिटाचं काय होतं ते बायकोला माहीत, आणि शाली पुराव्यात दाखल करता येत नाहीत.

"मग लोकअदालतीत मिटवून टाकू," ते म्हणाले. "बारा टक्क्यांचा हिशोब. एका बैठकीत काम." लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे मी विचारल्यावर सांगितलं. मेव्हण्याने तेवढ्यात फी टक्केवारीवर ठरवण्याची गोष्ट काढली. साहेबांनी कानांवर हात ठेवले : बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही! नियम खरा आहे. कोर्टासमोरच्या टपरीवर टक्क्यांचे दर तोंडपाठ असलेली माणसं चहा पीत असतात, तेही खरं आहे.

वकील बदलणं कायद्याने सोपं आहे. जुन्या वकिलांची 'ना हरकत' घ्यायची, नव्यांनी वकीलपत्र दाखल करायचं. जुने सही देईनात तर कोर्टाची परवानगी मागायची. फी थकली म्हणून वकिलाला कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलेलं आहे. पण ती मागायला समोर उभं कोण राहणार? तिथे सर्वोच्च न्यायालय येत नाही.

म्हणून आधी कोर्टाचा रोजनामा वाचला. मेव्हण्याच्या मते सगळ्या तारखा आमच्या वकिलांनी घालवल्या होत्या. रोजनाम्यात बहुतेक मुदती विमा कंपनीने मागितलेल्या निघाल्या. काही डॉक्टर साक्षीला न आल्यामुळे गेल्या. 'अर्जदाराचे वकील गैरहजर' हेही अधूनमधून होतं, त्याचा मला रागच आला. तो अंगात असेपर्यंत बार रूम गाठली.

साहेब डबा खात होते. "या मास्तर. पाय कसा आहे?"

"साहेब, मनगट."

"तेच ते. डग्गा वाजतो का?"

"घुमत नाही. मींड निघत नाही."

त्यांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. पुढची दहा मिनिटं हा माणूस इतकं बोलला, की फोनवरचा तो हाच का, असं वाटावं. सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा राजकुमारचा निकाल. अपंगत्व शरीराचं किती आणि कमाईचं किती, हे दोन वेगळे प्रश्न. डावा हात गेलेला सुतार किंवा ड्रायव्हर जवळजवळ सगळी कमाई गमावतो, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. "दाखल्यावरचे बारा टक्के मनगटाचे आहेत, मास्तर. तुमच्या धंद्याचे किती, ते अजून कोणी मोजलेलं नाही. ते मोजून घ्यायचंय, म्हणून मी तडजोड करत नाही."

हे आजवर मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. "तुम्ही विचारलं नाहीत," ते म्हणाले. फोन उचलला असता तर विचारलं असतं, हे मी बोलून दाखवलं. मग सौदा झाला : प्रत्येक तारीख कारकून व्हॉट्सॲपवर कळवणार, आणि साहेब नसतील तेव्हा ज्युनिअर हजर राहणार. 'ना हरकती'चा कागद मी खिशातून काढलाच नाही. मेव्हणा अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

निघताना साहेबांनी हाक मारली. "साक्षीच्या दिवशी डग्गा घेऊन या."

"तबलाही आणू?"

"अजिबात नको. उजवा हात ठणठणीत आहे तुमचा. विमा कंपनीला तेवढंच ऐकू येईल."